गुण्या आणि ओळंबा

घराचा पाया आखावयास आलेल्या गवंड्याच्या पिशवीत फारशी हत्यारे नसतात. थापी, दोरी, चार खुंट्या, एक ओळंबा आणि एक गुण्या एवढ्या सामग्रीवर तो कामाला आरंभ करतो. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेले वजन. भिंत उभी सरळ चढत आहे की कलली आहे, हे तो सांगतो. गुण्या म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या. दोन भिंती एकमेकींना काटकोनात मिळाल्या आहेत की नाहीत, याची साक्ष तो देतो. ही साधने साधी खरी. पण तीच खोटी निघाली तर विटा कितीही उत्तम असल्या तरी काय उपयोग? पायाच्या कोपऱ्यात राहिलेली थोडीशी चूक भिंतीच्या दुसऱ्या टोकाशी वीतभर होते. मग फरशी बसत नाही, छपराचे वासे जुळत नाहीत, आणि घर जन्मभर वाकडे राहते.

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. भिंतीची परीक्षा गुण्या करतो. पण गुण्याची परीक्षा कोणी करावयाची? दुसऱ्या गुण्याने करावी म्हटले, तर त्या दुसऱ्याचा तरी भरवसा काय? या प्रश्नाला गवंड्यांनी आणि सुतारांनी शोधून काढलेले उत्तर फार मार्मिक आहे. एका फळीच्या सरळ कडेला गुण्याची एक भुजा लावावयाची आणि दुसऱ्या भुजेच्या कडेने फळीवर एक रेषा ओढावयाची. नंतर गुण्या पालथा करून, त्याचा कोपरा त्याच बिंदूवर ठेवून, पुन्हा एक रेषा ओढावयाची. दुसरी रेषा पहिलीवर तंतोतंत पडली तर गुण्या खरा. दोहोंमध्ये फट पडली तर खोटा.

असे का व्हावे? सरळ कडेवरील एका बिंदूपाशी दोन्ही बाजूंस होणारे दोन कोन मिळून १८० अंशांचे असतात. गुण्या पालथा केल्यावर त्याचाच कोन एकदा या बाजूस आणि एकदा त्या बाजूस येतो. दोन्ही कोन सारखे, आणि त्यांची बेरीज १८०. तेव्हा प्रत्येक कोन ९० अंशांचाच असला पाहिजे. गुण्यात एका अंशाची चूक असेल तर दोन रेषांमध्ये दोन अंशांची फट दिसते. म्हणजे चूक लपत तर नाहीच, उलट दुप्पट होऊन समोर येते. गुण्याला तपासण्यासाठी दुसऱ्या साधनाकडे जावे लागत नाही. त्याला उलटवून त्याच्याच शेजारी ठेवले की पुरे.

एक आकृती उचलून, हवी तर पालथी करून, दुसरीवर ठेवली असता ती पूर्णपणे जुळली, तर त्या दोन आकृतींना ‘एकरूप’ म्हणतात. गुण्याची परीक्षा हा एकरूपतेचाच एक प्रयोग आहे. भूमितीत ही कल्पना विशेषतः त्रिकोणांच्या बाबतीत उपयोगी पडते, आणि त्याला तसेच कारण आहे. बांबूच्या चार कांबी घेऊन त्यांची टोके एकमेकींना बांधावी आणि चौकोन करावा. तो चौकोन हाताने दाबला की तिरपा होतो. बाजू त्याच राहतात, पण कोन बदलतात. तीन कांबींचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचे तीनही कोन आपोआप ठरतात. म्हणूनच छपराच्या कैच्या, लोखंडी पुलांचे सांगाडे आणि विजेच्या तारा वाहून नेणारे मनोरे त्रिकोणांनी जोडून बांधलेले दिसतात.

त्रिकोणाला तीन बाजू आणि तीन कोन असे एकूण सहा घटक असतात. दोन त्रिकोण एकरूप आहेत हे ठरविण्यासाठी सहाही घटक मोजण्याची आवश्यकता नसते. योग्य निवडलेले तीन पुरतात. तीन बाजू सारख्या असल्या तर चालते. या कसोटीला बाबाबा म्हणतात. दोन बाजू आणि त्यांच्यामधील कोन सारखा असला तरी चालते. ती बाकोबा कसोटी. दोन कोन आणि त्यांच्यामधील बाजू सारखी असली तरी चालते. ती कोबाको कसोटी. केवळ तीन कोन मात्र पुरत नाहीत. कंपासपेटीतील छोटा गुण्या आणि फळ्यावर आकृत्या काढण्याचा शिक्षकांचा मोठा लाकडी गुण्या यांचे कोन सारखे असले, तरी एक दुसऱ्यावर जुळत नाही. कोनांनी घाट कळतो, आकार किती मोठा हे कळत नाही.

आता ज्याच्या दोन बाजू सारख्या असतात असा त्रिकोण घेऊ. याला समद्विभुज त्रिकोण म्हणतात. कौलारू घराच्या दर्शनी भिंतीचा वरचा भाग पुष्कळदा असाच असतो. कागदाचा समद्विभुज त्रिकोण कापून त्याच्या सारख्या बाजू एकमेकींवर येतील अशी घडी घातली, तर पायालगतचे दोन कोनही एकमेकांवर येतात. म्हणजे सारख्या बाजूंसमोरील कोन सारखे असतात. कोनमापकाने मोजले तरी तेच आढळते.

पण येथे थोडे थांबावयास हवे. घडी घातली ती एका कागदाची. मोजले ते एका त्रिकोणाचे कोन. शंभर कागदांवर हा प्रयोग केला, तरी एकशे एकाव्या त्रिकोणाबद्दल त्यावरून खात्री कशी द्यावी? शिवाय पेन्सिलीच्या टोकाला जाडी असते, कागद किंचित सरकतो, आणि कोनमापकावर अर्धा अंश इकडे की तिकडे हे डोळ्यांना ठरविता येत नाही. पाहिल्याने विश्वास बसतो. पण सर्व समद्विभुज त्रिकोणांविषयी, अगदी कधीही न काढलेल्या त्रिकोणांविषयीसुद्धा, निःशंकपणे बोलावयाचे असेल तर कारण द्यावे लागते. त्या कारणालाच सिद्धता म्हणतात.

या विधानाची एक सिद्धता इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिड या गणितज्ञाने आपल्या ग्रंथात दिली. ती बरीच वळणावळणाची आहे. तेथपर्यंत येऊन पुष्कळ विद्यार्थी अडखळत. म्हणून मध्ययुगातील युरोपात त्या प्रमेयाला ‘गाढवांचा पूल’ असे थट्टेचे नाव पडले. पुढे सहा-सातशे वर्षांनी अलेक्झांड्रिया नगरीतील पॅपस नावाच्या गणितज्ञाने जी सिद्धता सांगितली, ती मात्र इतकी सोपी आहे की प्रथम ऐकताना ती सिद्धता आहे असेही वाटत नाही.

समजा, अबक या त्रिकोणात अब आणि अक या बाजू सारख्या आहेत. हा त्रिकोण एकदा ‘अबक’ असा वाचावा आणि एकदा पालथा करून ‘अकब’ असा वाचावा. पहिल्यातील अब ही बाजू दुसऱ्यातील अक या बाजूएवढी आहे. पहिल्यातील अक ही बाजू दुसऱ्यातील अब या बाजूएवढी आहे. त्यांच्यामधला अ हा कोन तर दोन्हींत एकच. तेव्हा बाकोबा कसोटीने हे दोन त्रिकोण, म्हणजे खरे पाहता तो त्रिकोण आणि त्याचेच पालथे रूप, एकरूप आहेत. म्हणून कोन ब हा कोन क एवढा असलाच पाहिजे. यात कात्री नाही, घडी नाही आणि कोनमापकही नाही. गवंडी गुण्या उलटवून पाहतो, पॅपसने त्रिकोण उलटवून पाहिला, एवढाच काय तो फरक. पण गवंड्याने एक गुण्या तपासला. पॅपसने जगातील सगळे समद्विभुज त्रिकोण एकदम तपासले.

समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचा मध्य काढून तो वरच्या शिरोबिंदूशी जोडला, तर आणखी एक गोष्ट घडते. त्या रेषेने त्रिकोणाचे दोन भाग होतात. दोन्ही भागांत एकेक सारखी बाजू येते, पायाचा अर्धा-अर्धा भाग येतो, आणि मधली रेषा दोघांना सामाईक असते. बाबाबा कसोटीने हे दोन भाग एकरूप ठरतात. तेव्हा मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंस पायाशी होणारे कोन सारखे. त्यांची बेरीज १८० अंश. म्हणून प्रत्येक कोन काटकोन. याचा अर्थ असा की, प्रत्येक समद्विभुज त्रिकोणाच्या पोटात दोन एकरूप काटकोन त्रिकोण दडलेले असतात.

ही गोष्ट प्राचीन कारागिरांनी फार लवकर कामाला लावली होती. इजिप्त देशात देर अल्-मदीना येथे सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीचे थडगे आहे. ते १८८६ साली उघडण्यात आले. त्यात मिळालेल्या वस्तूंमध्ये एक लाकडी गुण्या होता, आणि जमिनीची पातळी तपासण्याचे एक साधनही होते. या साधनाचे दोन सारख्या लांबीचे पाय वर काटकोनात जोडलेले असतात, मध्ये एक आडवी पट्टी असते, आणि वरच्या टोकापासून ओळंबा सोडलेला असतो. आडव्या पट्टीच्या मध्यावर एक खूण केलेली असते. साधनाचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवावयाचे. ओळंब्याची दोरी मधल्या खुणेवरून गेली तर जमीन समपातळीत आहे. दोरी एका बाजूस गेली तर त्या बाजूची जमीन खाली आहे.

याचे कारण आता सहज ध्यानात येईल. साधनाचे पाय सारखे असल्यामुळे तेथे समद्विभुज त्रिकोण तयार होतो. शिरोबिंदूपासून मधल्या खुणेकडे जाणारी रेषा पायाशी काटकोन करते. ओळंब्याची दोरी नेहमी उभी राहते. ती त्या खुणेवर आली म्हणजे मधली रेषा उभी झाली. आणि उभ्या रेषेशी काटकोन करणारी रेषा आडवीच असणार. साधनाची मधली खूण बरोबर आहे की नाही याची शंका असेल, तर येथेही तीच युक्ती चालते. साधन फिरवून डावा पाय उजव्याच्या जागी आणि उजवा डाव्याच्या जागी ठेवावा. दोन्ही वेळा दोरी कोठे पडते हे नोंदवून त्या दोन जागांचा मध्य घ्यावा. खरी खूण तेथेच असावयास हवी.

समद्विभुज त्रिकोणात दोन काटकोन त्रिकोण असतात, हे पाहिले. आता उलट बाजूने विचार करू. दोन एकरूप काटकोन त्रिकोण पाठीला पाठ लावून ठेवले तर काय होते? कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. त्यांतील एकाचे कोन ३०, ६० आणि ९० अंशांचे असतात. असे सारख्या मापाचे दोन गुण्ये शेजारच्या मुलाशी मिळून घ्यावे आणि काटकोनाची लांब बाजू एकमेकींना लावून मांडावे. जो मोठा त्रिकोण तयार होतो, त्याचे तीनही कोन ६० अंशांचे असतात. म्हणजे तो सर्व बाजूंनी सारखा. त्याचा पाया दोन्ही गुण्यांच्या आखूड बाजू मिळून झालेला असतो. यावरून त्या गुण्याची आखूड बाजू कर्णाच्या बरोबर निम्मी असते, हे मोजपट्टी न लावताच सिद्ध होते. काटकोनासमोरील बाजूला कर्ण म्हणतात आणि ती तीन बाजूंत सर्वांत मोठी असते, हे येथे लक्षात ठेवावे.

काटकोन त्रिकोणांची एकरूपता ओळखण्याची आणखी एक कसोटी आहे. तिचे महत्त्व कळण्यासाठी आधी एक फसवा प्रसंग पाहिला पाहिजे. कागदावर एक आडवी रेषा काढावी. तिच्यावरील अ या बिंदूपाशी ३० अंशांचा कोन करून १० सेंटिमीटर लांबीची अब रेषा काढावी. आता ब हे केंद्र घेऊन ६ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढला, तर तो आडव्या रेषेला एका नव्हे, दोन ठिकाणी छेदतो. त्या बिंदूंना क आणि ड म्हणू. अबक आणि अबड या दोन्ही त्रिकोणांत १० सेंटिमीटरची बाजू आहे, ६ सेंटिमीटरची बाजू आहे आणि ३० अंशांचा कोन आहे. तरीही एक त्रिकोण लहान, तर दुसरा मोठा! तीन घटक जुळूनही त्रिकोण जुळले नाहीत. कारण दिलेला कोन दिलेल्या दोन बाजूंच्या मध्ये नव्हता. घटक किती जुळले एवढेच पाहून भागत नाही. ते कोणते, हेही पाहावे लागते.

आता तोच प्रयोग ३० अंशांऐवजी काटकोन घेऊन करावा. आडव्या रेषेवर अ बिंदूपाशी ८ सेंटिमीटरचा अब हा लंब उभा करावा आणि ब केंद्रातून १० सेंटिमीटरचा कंस काढावा. कंस पुन्हा दोन ठिकाणी छेदतो. पण या वेळी क हा अ च्या एका बाजूस आणि ड हा दुसऱ्या बाजूस पडतो. बक आणि बड सारख्या असल्यामुळे बकड हा समद्विभुज त्रिकोण आहे. म्हणून क आणि ड हे कोन सारखे. अ पाशी दोन्हीकडे काटकोन. त्रिकोणाचे दोन कोन जुळले की तिसरा जुळतोच. तेव्हा बाकोबा कसोटीने अबक आणि अबड एकरूप ठरतात. एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंबच जणू. यावरून नियम निघतो तो असा: दोन काटकोन त्रिकोणांचे कर्ण सारखे असले आणि एकेक भुजा सारखी असली, तर ते त्रिकोण एकरूप असतात. हीच कर्णभुजा कसोटी. जी मोजणी इतर कोनांच्या बाबतीत फसवते, ती काटकोनाच्या बाबतीत विश्वासू होते. आणि तिच्या पाठीशी उभा राहतो तो समद्विभुज त्रिकोण.

एकरूपतेचा सर्वांत मोठा लाभ असा की, जेथे हात पोचत नाही तेथेही तिच्यामुळे मोजता येते. समजा, एखाद्या नदीच्या पात्राची रुंदी काढावयाची आहे आणि पलीकडे जाण्याची सोय नाही. पैलतीरावरील अगदी काठाशी असलेले एक झाड निवडावे. त्याच्या बरोबर समोर, ऐलतीरावर, अ या ठिकाणी एक काठी रोवावी. तेथून काठाच्या कडेने, झाडाच्या दिशेशी काटकोन करून, २० पावले जावे आणि ब येथे दुसरी काठी रोवावी. त्याच सरळ रेषेत आणखी २० पावले जाऊन क येथे तिसरी काठी रोवावी. आता नदीकडे पाठ करून, काठाशी काटकोन करीत, मोकळ्या रानातून चालत जावे. मधली ब ही काठी आणि पैलतीरावरचे झाड एका रेषेत दिसतील तेथे थांबावे. त्या जागेला ड म्हणू. क पासून ड पर्यंतचे अंतर हीच नदीची रुंदी.

हे असे का, ते पाहणे अवघड नाही. झाड, अ आणि ब यांचा एक त्रिकोण होतो. ड, क आणि ब यांचा दुसरा. अ आणि क पाशी काटकोन आहेत. अब आणि कब प्रत्येकी २० पावले आहेत. ब पाशी दोन सरळ रेषा एकमेकींना छेदतात, म्हणून समोरासमोरचे कोन सारखे. कोबाको कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप. पाण्यावरचा त्रिकोण मोजता येत नाही. पण त्याचेच रूप कोरड्या जमिनीवर उतरविता येते आणि ते मोजता येते. इ. स. पूर्व सहाव्या शतकात मायलेटस येथे होऊन गेलेला ग्रीक विद्वान थेल्स हा किनाऱ्यावरून समुद्रातील गलबतांचे अंतर सांगत असे, अशी परंपरा आहे. प्रोक्लस नावाच्या भाष्यकाराने नमूद केले आहे की, या कामासाठी थेल्सला हीच कसोटी ठाऊक असली पाहिजे, असे प्राचीन इतिहासकार मानीत.

आपल्याकडील गवंडी पायाचा कोपरा आखताना जी रीत वापरतो, तीही एकरूपतेवरच उभी आहे. मोठ्या जागेसाठी हातातला गुण्या अपुरा पडतो. म्हणून कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण करतात. दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरेपर्यंत एक दोरी मागेपुढे सरकवितात. ५ फूट भरले की कोपरा काटकोनात आला. काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा ३ आणि ४ असल्या तर त्याचा कर्ण ५ येतो. कारण ९ आणि १६ मिळून २५ होतात. आखलेल्या त्रिकोणाच्या बाजूही ३, ४ आणि ५ च आहेत. तेव्हा बाबाबा कसोटीने तो त्या काटकोन त्रिकोणाशी एकरूप आहे, आणि म्हणून त्याचा कोपराही काटकोनच आहे. भारतात यज्ञवेदी रचताना अशाच दोऱ्या वापरीत. त्या रचनेचे नियम शुल्बसूत्रांत दिले आहेत. शुल्ब या शब्दाचा अर्थच दोरी असा आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात ३ आणि ४, ५ आणि १२, ८ आणि १५ अशा भुजांच्या जोड्या सांगितल्या आहेत. त्यांचे कर्ण अनुक्रमे ५, १३ आणि १७ येतात.

काटकोन त्रिकोणाची ही विद्या भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथात मोठ्या रसाळ उदाहरणांतून शिकविली. भास्कराचार्यांच्या विद्येचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे त्यात सांगितले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला.

लीलावतीतील तीन उदाहरणे येथे पाहण्याजोगी आहेत. पहिले वेळूचे. ३२ हात उंचीचा एक वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तो किती उंचीवर मोडला? दुसरे कमळाचे. तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात होती. वाऱ्याने ती हळूहळू कलली आणि २ हातांवर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल? तिसरे मोराचे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. साप बिळापासून २७ हातांवर असताना मोराने त्याला पाहिले आणि तिरपी झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर तोडले, तर मोराने सापाला बिळापासून किती हातांवर गाठले?

वेळूच्या उदाहरणात उभा राहिलेला भाग, जमीन आणि मोडून पडलेला भाग मिळून काटकोन त्रिकोण होतो, हे चटकन दिसते. पण त्याच्या शेजारी एक समद्विभुज त्रिकोणही आहे. तो मात्र शोधावा लागतो. मोडलेल्या जागेपासून शेंडा आधी जेवढ्या अंतरावर होता, तेवढ्याच अंतरावर तो पडल्यावरही आहे. तेव्हा मोडलेली जागा, शेंड्याची पूर्वीची जागा आणि शेंडा टेकला ती जागा यांचा समद्विभुज त्रिकोण होतो. कमळाच्या उदाहरणात देठाचे मूळ हा त्याचा शिरोबिंदू, आणि सरळ व कललेला देठ या सारख्या बाजू. मोराच्या उदाहरणात जेथे गाठ पडली ती जागा हा शिरोबिंदू, आणि मोराची झेप व सापाची धाव या सारख्या बाजू.

हे एकदा ओळखले की आकृती काढूनच उत्तर मिळते. वेळूसाठी १ सेंटिमीटर म्हणजे २ हात असे प्रमाण घ्यावे. १६ सेंटिमीटरचा उभा वेळू काढावा, आणि बुंध्यापासून आडव्या रेषेवर ८ सेंटिमीटरवर खूण करावी. वेळूचा शेंडा आणि ही खूण जोडावी. या जोडरेषेच्या मध्यावर गुण्याने लंब काढावा. समद्विभुज त्रिकोणाचा शिरोबिंदू पायाच्या मध्यावरील लंबावरच असतो; म्हणून हा लंब वेळूला जेथे छेदतो तेथेच तो मोडला असला पाहिजे. ती जागा बुंध्यापासून ६ सेंटिमीटरवर येते. म्हणजे वेळू १२ हातांवर मोडला आणि २० हातांचा तुकडा पडला. १२ चा वर्ग १४४, १६ चा वर्ग २५६. त्यांची बेरीज ४००, म्हणजे २० चा वर्ग. उत्तर बरोबर आहे. कमळाच्या तळ्याची खोली पावणेचार हात येते, आणि मोराने सापाला बिळापासून १२ हातांवर गाठले असे निघते. ही दोन उत्तरे विद्यार्थ्यांनी आकृती काढून स्वतः पडताळावी.

एक गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वेळूच्या त्रिकोणाच्या बाजू १२, १६ आणि २०. मोराच्या त्रिकोणाच्या ९, १२ आणि १५. दोहोंत गवंड्याचेच ३, ४ आणि ५ लपलेले आहेत. एकदा चौपट होऊन, एकदा तिप्पट होऊन. कमळाच्या त्रिकोणात बौधायनाचे ८ आणि १५ आहेत. कारागिराची दोरी, सूत्रकाराचा नियम आणि आचार्याचे उदाहरण या तिन्हींत एकच ज्ञान वाहत आले आहे.

गवंडी गुण्या पालथा करून रेषा पुन्हा ओढतो, तेव्हा आपण प्रमेय सिद्ध करीत आहोत असे त्याला वाटत नसेल; पण त्याच्या त्या कृतीत आणि पॅपसच्या सिद्धतेत विचार एकच आहे. फरक इतकाच की, कृती एका साधनापुरती असते आणि सिद्धता सर्वांसाठी असते. साधन झिजते, दोरी ताणली जाते, खूण पुसली जाते. समान बाजूंसमोरील कोन समान असतात हे मात्र सेन्नेजेमच्या काळी खरे होते, आजही आहे, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून मानावे लागत नाही. ज्याला बाकोबा कसोटी समजली आहे असे कोणतेही मूल कागदाच्या एका चिठोऱ्यावर ते पुन्हा सिद्ध करू शकते.

स्वाध्याय

१. आपल्या कंपासपेटीतील गुण्याचा काटकोन खरा आहे की नाही, हे दुसऱ्या गुण्याचे साहाय्य न घेता कसे ठरवाल? करून पाहा.

२. कागदाची घडी घालून दाखविणे आणि सिद्धता देणे यांत कोणता फरक आहे? पाठातील उदाहरण देऊन लिहा.

३. दोन बाजू आणि एक कोन सारखा असूनही त्रिकोण एकरूप नसतात, असे केव्हा घडते? काटकोनाच्या बाबतीत तसे का घडत नाही?

४. शाळेच्या मैदानावर दोरी व खुंट्या घेऊन ६, ८ आणि १० फुटांच्या साहाय्याने एक काटकोन आखा. त्यामागील कारण स्पष्ट करा.

५. कमळाच्या उदाहरणाची आकृती १ हात म्हणजे ४ सेंटिमीटर या प्रमाणाने काढा आणि पाण्याची खोली मोजा.